चार टीबीची हार्ड डिस्क, दिसते मात्र दोनच टीबी

नवी चार टीबीची हार्ड डिस्क आणली, २००९-१० सालच्या डेस्कटॉपला जोडली आणि विंडोज ७ सुरू केलं. माय कॉम्प्युटरमध्ये तिचा पत्ताच नाही. डिस्क मॅनेजमेंट उघडलं तर एका लांबट पट्टीचे दोन तुकडे दिसतात: एक २०४८ जीबीचा, दुसरा १६७८ जीबीचा. पहिल्यावर पार्टिशन, म्हणजे वापरायला आखलेला कप्पा, पडतं. दुसऱ्यावर राइट क्लिक केलं तर सगळे पर्याय फिकट, एकही दाबता येत नाही. इथे बहुतेक जण दुकानदाराला फोन लावतात. दुकानदार भला असेल तर डिस्क बदलून देतो, आणि बदललेली डिस्कही अगदी तशीच वागते.

कारण डिस्क ठणठणीत असते. अडलेलं असतं दुसरीकडेच, आणि कुठे ते शोधायला फार हुशारी लागत नाही. स्क्रीनवर दिसणारा चुकीचा आकडाच ते सांगतो. म्हणून काहीही दाबण्याआधी, विशेषतः 'फॉरमॅट' दाबण्याआधी, तो आकडा कागदावर लिहून ठेवा.

आधी एक गैरसमज बाजूला काढू. खोक्यावर चार टीबी लिहिलेलं असतं आणि विंडोज ३७२६ जीबी दाखवतं. ही फसवणूक नाही आणि बिघाडही नाही. डिस्क बनवणारे हजाराच्या पटीत मोजतात, विंडोज १०२४ च्या पटीत मोजतं, आणि दोघेही त्याला जीबीच म्हणतात. त्यामुळे एक टीबीची डिस्क ९३१ जीबी दिसते, दोनची १८६३ आणि चारची ३७२६. तुमचा आकडा यांच्यात बसत असेल तर डिस्क पूर्ण दिसते आहे, पुढचं वाचायची गरज नाही.

आता मूळ मुद्दा. हार्ड डिस्कवरची जागा छोट्या ठरावीक तुकड्यांत विभागलेली असते. या तुकड्याला सेक्टर म्हणतात आणि संगणकाच्या हिशेबात तो वर्षानुवर्षं ५१२ बाइट्सचा धरला गेला. प्रत्येक सेक्टरला क्रमांक असतो. संगणक डिस्कला 'ती फाइल दे' असं कधीच म्हणत नाही. तो म्हणतो, 'अमुक क्रमांकाचा सेक्टर दे.' हा क्रमांक बऱ्याच हातांतून जातो: विंडोज, त्याचा ड्रायव्हर, मदरबोर्डवरचा कंट्रोलर, बाहेरून जोडली असेल तर यूएसबीच्या डबीतली चिप, आणि शेवटी खुद्द डिस्कवरचं सर्किट. शिवाय कुठलं पार्टिशन कुठे सुरू होतं आणि किती लांब आहे, याचा तक्ता डिस्कच्या सुरुवातीलाच लिहिलेला असतो. या प्रत्येक ठिकाणी क्रमांक लिहायला ठरावीकच जागा ठेवलेली असते, आणि ती ठरवणाऱ्याने आपल्या काळच्या डिस्क बघून ठरवलेली असते. सगळ्यांत जिथे कमी जागा, तिथे डिस्क अडते. बाकीचे कितीही नवे असोत.

अडते म्हणजे दोनपैकी एक गोष्ट होते. शहाणा प्रोग्रॅम असेल तर तो 'यापुढचं मला मोजता येत नाही' म्हणून थांबतो. तसा नसेल तर जुन्या स्कूटरच्या पाच आकडी मीटरसारखं होतं: ९९,९९९ नंतर पुन्हा ०००००. थांबणारा परवडला. शून्यावर येणारा डेटा उडवतो.

जुन्या मर्यादा

आयबीएमच्या पीसी एक्सटीमध्ये १९८३ साली दहा एमबीची हार्ड डिस्क होती. त्या काळी सेक्टरचा पत्ता तीन भागांत सांगायचे: कितवा सिलिंडर, कितवं हेड, कितवा सेक्टर. बायोसने, म्हणजे संगणक सुरू करणाऱ्या मदरबोर्डवरच्या प्रोग्रॅमने, यासाठी अनुक्रमे दहा, आठ आणि सहा बिट्स (शून्य किंवा एक लिहायची घरं) राखून ठेवले. म्हणजे १०२४ सिलिंडर, २५६ हेड आणि ६३ सेक्टर (सेक्टर एकपासून मोजतात, म्हणून ६४ नाही). पुढे डिस्क आणि मदरबोर्ड यांच्यातल्या केबलचे नियम ठरले, ते एटीए या नावाने ओळखले जातात. त्यांनी वाटणी वेगळी केली: सिलिंडरला सोळा बिट्स, हेडला चार, सेक्टरला आठ.

नुसत्या बायोसच्या हिशेबाने ८.४ जीबीपर्यंत जाता येत होतं. नुसत्या एटीएच्या हिशेबाने तर १३७ जीबीच्या आसपास. पण क्रमांक दोघांच्याही हातून जाणार, म्हणजे प्रत्येक भागात जो लहान आकडा तोच चालणार. सिलिंडर बायोसचे १०२४, हेड एटीएची १६, सेक्टर पुन्हा बायोसचे ६३. गुणाकार करा: १०,३२,१९२ सेक्टर, म्हणजे १०२४ च्या हिशेबाने जेमतेम ५०४ एमबी. दोन प्रशस्त पद्धती एकत्र आल्या आणि दोघींपेक्षा कितीतरी पट छोटी मर्यादा तयार झाली! नव्वदच्या दशकात लोकांनी यात बराच घाम गाळला. या विषयातलं हे माझं सर्वांत आवडतं उदाहरण आहे, कारण यात चूक कुणा एकाची दाखवताच येत नाही.

मग बायोसने आकड्यांची अदलाबदल करून हेड वाढवून सांगायची युक्ती काढली आणि गाडी ८.४ जीबीपर्यंत गेली. तीही जागा संपली तेव्हा तीन भागांचा पत्ता सोडून सरळ एकच सलग क्रमांक द्यायची पद्धत बायोसमध्ये आली. साधारण १९९८ नंतरच्या बोर्डांत ती सापडते. मधल्या काळात काही बायोस ३२ जीबीवर अडायचे, आणि अडायचे म्हणजे मोठी डिस्क लावली की संगणक सुरूच व्हायचा नाही, पहिल्या काळ्या स्क्रीनवर थिजायचा. यासाठी डिस्क बनवणाऱ्यांनी मागच्या बाजूला एक जम्पर (दोन पिना जोडणारी छोटी टोपी) दिला: तो लावला की डिस्क स्वतःच 'मी ३२ जीबीची आहे' असं सांगते. जुन्या बाजारातून ८० जीबीची आयडीई (रुंद चपट्या केबलची जुनी) डिस्क आणली आणि ती ३२ च दाखवते, असं झालं तर सॉफ्टवेअरशी झटापट करण्याआधी मागचा जम्पर पाहा. कुणीतरी कधीतरी लावलेला तो प्लास्टिकचा तुकडा तसाच राहिलेला असू शकतो.

नंतरची मर्यादा १३७ जीबीची. विंडोज तिला १२८ जीबी म्हणतं. एटीएच्या सलग क्रमांकाला २८ बिट्स होते: २६,८४,३५,४५६ सेक्टर, बस. एटीएच्या सहाव्या आवृत्तीत हा क्रमांक ४८ बिट्सचा झाला आणि केबलचा प्रश्न कायमचा मिटला. पण विंडोजलाही ते कळायला हवं होतं. विंडोज एक्सपीला ते २००२ च्या सर्व्हिस पॅक १ पासून नीट कळतं. विंडोज २००० ला सर्व्हिस पॅक ३ टाकूनही रजिस्ट्रीत एक नोंद हाताने करावी लागते. विंडोज ९८ ला मुळातच कळत नाही, आणि धोका इथे आहे. अशा यंत्रावर १६० जीबीची डिस्क सुरुवातीला छान चालते. महिनोन्महिने चालते. डेटा १३७ जीबीच्या पुढे गेला की क्रमांक पुन्हा शून्यावर येतो आणि नवी फाइल डिस्कच्या सुरुवातीला, म्हणजे नेमकी पार्टिशनच्या तक्त्यावर आणि फाइलींच्या यादीवर जाऊन बसते. दुसऱ्या दिवशी सगळी डिस्क रिकामी दिसते. ओळखलेली जागा वापरता येतेच असं नाही, हे इथे शिकायला मिळतं.

ही फक्त जुनी गोष्ट आहे असं समजू नका. आपल्याकडे लग्नपत्रिका नि हँडबिलं करणाऱ्या कितीतरी डीटीपीवाल्यांकडे अजून एक्सपीचं यंत्र जपून ठेवलेलं असतं, कारण श्रीलिपीसारख्या सॉफ्टवेअरची जुनी आवृत्ती आणि तिचं डाँगल (परवान्याची खूण म्हणून संगणकाला लावायची किल्ली) त्याच्यावरच चालतं. यंत्र बदलणं त्यांच्या हातात नसतं. डिस्क मात्र कधी ना कधी बदलावीच लागते.

दोन टीबीची मर्यादा

आज लोक जिथे अडकतात ती ही. पार्टिशनचा जो तक्ता वर सांगितला, त्याच्या जुन्या पद्धतीला एमबीआर म्हणतात. तीही १९८३ चीच. डिस्कच्या पहिल्या ५१२ बाइट्सच्या सेक्टरमध्ये ती पूर्ण मावते: बहुतेक जागा संगणक सुरू करणाऱ्या छोट्या प्रोग्रॅमला, आणि उरलेल्या जागेत चार पार्टिशनच्या चार नोंदी, प्रत्येकी सोळा बाइट्सच्या. या सोळापैकी चार बाइट्स पार्टिशन कुठे सुरू होतं यासाठी आणि चार ते किती लांब आहे यासाठी. चार बाइट्स म्हणजे ३२ बिट्स, म्हणजे ४,२९,४९,६७,२९६ सेक्टर. त्याला ५१२ ने गुणलं की २१,९९,०२,३२,५५,५५२ बाइट्स, विंडोजच्या भाषेत २०४८ जीबी. आपल्या चार टीबीच्या डिस्कमध्ये एकूण ४०,००,७८,७०,३०,०१६ बाइट्स असतात. त्यातून वरचा आकडा वजा करा, उरतात ते सुरुवातीला स्क्रीनवर दिसलेले १६७८ जीबी. विंडोजला ते दिसतात, पण तक्त्यात त्यांची नोंद करायला जागाच नाही. म्हणून ते फिकट पर्याय.

आता आकडे नीट बघा, कारण सारखे दिसणारे दोन आजार इथे आहेत. २०४८ आणि १६७८ असे दोन्ही तुकडे दिसत असतील तर विंडोज, ड्रायव्हर, कंट्रोलर सगळे ठीक आहेत, फक्त तक्ता एमबीआरचा आहे. पण २०४८ कुठेच नाही आणि अख्खी डिस्कच १६७८ जीबीची दिसते आहे, असं असेल तर मधला कुणीतरी ३२ बिट्सवर अडून शून्यावर आला आहे. तीन टीबीच्या डिस्कचा असा आकडा ७४६ असतो. तेव्हा दोष बहुधा साटा (आताच्या डिस्कची पातळ केबल) कंट्रोलरच्या जुन्या ड्रायव्हरचा असतो. इंटेलच्या चिपसेटचे बोर्ड असतील तर त्यांच्या रॅपिड स्टोरेज ड्रायव्हरच्या १०.१ च्या आधीच्या आवृत्त्या यासाठी प्रसिद्ध आहेत. ड्रायव्हर नवा टाका, आकडा सुधारला की मगच पुढे जा. या अवस्थेत फॉरमॅट मारून डेटा भरायला सुरुवात केलीत तर वर सांगितलेली विंडोज ९८ ची कहाणी तुमच्या घरी घडेल.

बाहेरून यूएसबीच्या डबीत किंवा डॉकमध्ये लावलेली डिस्क असा आकडा दाखवत असेल, तर आधी डबीवर संशय घ्या. जुन्या आणि स्वस्त डब्यांतल्या चिपला दोन टीबीच्या पुढचं मोजता येत नाही. डिस्क काढून थेट मदरबोर्डच्या साटा केबलला लावली की लगेच कळतं.

कुणावरच ठाम संशय येत नसेल तर उबुंटू या मोफत लिनक्स प्रणालीची लाइव्ह पेनड्राइव्ह करून तिच्यावरून संगणक सुरू करा आणि त्यातलं 'डिस्क्स' हे साधन उघडा. काही इन्स्टॉल करायचं नाही, काही मिटवायचं नाही, फक्त आकार वाचायचा. तिथे पूर्ण चार टीबी दिसली तर हार्डवेअर निर्दोष, प्रश्न विंडोजच्या बाजूचा. तिथेही कमी दिसली तर दोष हार्डवेअरच्या बाजूला शोधा. क्वचित असंही होतं की डिस्कच्या शेवटी एक राखीव, लपवलेला भाग आखलेला असतो आणि डिस्क स्वतःच आपला आकार कमी सांगते. काही बोर्ड आपल्या बायोसची प्रत डिस्कच्या शेवटी ठेवण्यासाठी असं करत. लिनक्समधल्या एचडीपार्म या साधनाने ती मर्यादा वाचता येते आणि काढताही येते, पण ते काम जाणत्या माणसाकडून करून घ्या.

बायोसच्या सेटअपमध्ये चार टीबीची डिस्क '१८०१ जीबी' अशी दिसली म्हणून मात्र घाबरू नका. हाही तोच शून्यावर आलेला आकडा, फक्त हजाराच्या पटीत मोजलेला. विंडोज एकदा सुरू झालं की ते डिस्कशी बायोसमार्फत बोलत नाही, स्वतःच्या ड्रायव्हरने थेट बोलतं. डिस्क फक्त डेटासाठी असेल तर बायोसने काय वाचलं याला फारशी किंमत नाही.

तक्ता बदलणं

एमबीआरच्या जागी आलेल्या तक्त्याला जीपीटी म्हणतात. त्यात सेक्टरचा क्रमांक ६४ बिट्सचा असतो, म्हणजे आपल्या हयातीत तो पुरून उरेल. शिवाय तक्त्याची एक प्रत डिस्कच्या शेवटीही ठेवलेली असते. विंडोज व्हिस्टापासून पुढच्या सगळ्या विंडोजना, ३२ बिटवाल्यांनाही, डेटाच्या डिस्कवर जीपीटी चालतं.

डिस्क नवी आणि रिकामी असेल तर काम सोपं आहे. डिस्क मॅनेजमेंटमध्ये खालच्या भागात डाव्या कडेला 'डिस्क १' असा राखाडी चौकोन असतो. राइट क्लिक त्या चौकोनावर करायचं, शेजारच्या पट्टीवर नाही. बरेच जण पट्टीवर करतात आणि पर्याय सापडत नाही म्हणतात. तिथे 'कन्व्हर्ट टू जीपीटी डिस्क' दिसेल. तो फिकट असेल तर डिस्कवर एखादं पार्टिशन शिल्लक आहे. ते डिलीट केलं की पर्याय उजळतो. यात डिस्कवरचं सगळं जातं, म्हणून आधी कामाचं काही त्यावर टाकलं असेल तर ते दुसरीकडे हलवा.

कमांड आवडणाऱ्यांसाठी विंडोजमधलंच डिस्कपार्ट हे साधन आहे: लिस्ट डिस्क, सिलेक्ट डिस्क आणि क्रमांक, क्लीन, मग कन्व्हर्ट जीपीटी. यातली 'क्लीन' ही कमांड 'नक्की का?' असं विचारत नाही. एंटर दाबलं की तक्ता गेला. म्हणून सिलेक्ट केल्यावर लिस्ट डिस्क पुन्हा एकदा द्या. निवडलेल्या डिस्कच्या नावाआधी एक चांदणी येते. त्या ओळीतला आकार ३७२६ जीबीच आहे ना, हे बघूनच पुढे जा. रूपांतर झाल्यावर तीच यादी पाहिली तर शेवटच्या 'जीपीटी' रकान्यातही चांदणी आलेली दिसेल. मग न्यू सिम्पल व्हॉल्यूम, एनटीएफएस, आणि पूर्ण जागा हातात.

याच डिस्कवरून विंडोज सुरूही करायचं असेल तर गोष्ट बदलते. जीपीटीवरून विंडोज सुरू व्हायला जुन्या बायोसऐवजी यूईएफआय (बायोसच्या जागी आलेली नवी पद्धत) असलेला बोर्ड आणि ६४ बिटचं विंडोज लागतं. लिनक्स जुन्या बायोसवरही जीपीटीवरून सुरू होऊ शकतं, विंडोज होत नाही. माझं मत विचाराल तर जुन्या यंत्रात हा हट्टच करू नये. २४० जीबीची छोटी एसएसडी (चिपवर साठवणारी वेगवान डिस्क) घ्या, तिच्यावर नेहमीच्या एमबीआर पद्धतीने विंडोज टाका आणि मोठी डिस्क जीपीटी करून डेटाला ठेवा. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरचा किंवा पुण्याच्या तापकीर गल्लीतला कुठलाही जाणता दुकानदार हेच सांगेल, आणि जुनं यंत्र वेगवान होतं ते वेगळंच.

एक्सपीवाल्यांची मात्र पंचाईत आहे. ३२ बिटच्या एक्सपीला जीपीटी वाचताच येत नाही. डिस्क मॅनेजमेंटमध्ये 'जीपीटी प्रोटेक्टिव्ह पार्टिशन' असं लिहिलेलं येतं आणि पुढे काही करता येत नाही. काही यूएसबी डब्या यावर एक युक्ती करतात: त्या विंडोजला सेक्टर ४०९६ बाइट्सचा आहे असं सांगतात. सेक्टर आठपट मोठा झाला की त्याच ३२ बिट्समध्ये १६ टीबीपर्यंत मोजता येतं, एमबीआर असूनही. युक्ती चालते, पण अशी डिस्क डबीतून काढून थेट साटाला लावली की सगळे क्रमांक चुकतात आणि ती कोरी किंवा 'रॉ' दिसते. तेव्हा विंडोज 'फॉरमॅट करू का?' असं आगाऊपणे विचारतं. नाही म्हणा, डिस्क परत त्याच डबीत घाला, डेटा जसाच्या तसा असतो. डबीच जळली असेल तर तशाच चिपची दुसरी शोधत हिंडावं लागतं.

त्यापेक्षा बरा मार्ग म्हणजे मोठी डिस्क दुसऱ्या संगणकात किंवा नासमध्ये (नेटवर्कला जोडायच्या डिस्कच्या पेटीत) ठेवून एक्सपीला ती नेटवर्कवरून वापरू देणं. तेव्हा सेक्टर मोजायचं काम त्या दुसऱ्या यंत्राकडे जातं, एक्सपी फक्त फाइल मागतं. अडचण एवढीच की एक्सपीला शेअरिंगची जुनी, असुरक्षित पद्धत लागते आणि ती आजच्या विंडोजमध्ये बंद केलेली असते. ती चालू करावीच लागली तर ते नेटवर्क इंटरनेटपासून तोडून ठेवा.

आणि उलटीही फसवणूक असते. ऑनलाइन अगदी कवडीमोलात मिळणारी '१६ टीबी'ची पोर्टेबल एसएसडी जुन्या-नव्या कुठल्याही संगणकावर पूर्ण १६ टीबी दाखवते. आत चिप असते काही जीबींची. तिच्या सर्किटला खोटं बोलायला शिकवलेलं असतं, आणि खरी जागा संपली की फाइली हरवायला लागतात.

म्हणून डिस्क खरी असो वा संशयास्पद, पूर्ण आकार दिसायला लागला तरी महत्त्वाचं काही ठेवण्याआधी ती एकदा काठोकाठ भरून तपासा. एच२टेस्टडब्ल्यू हा छोटा मोफत प्रोग्रॅम डिस्क ठरावीक मजकुराने भरतो, मग तोच मजकूर परत वाचून ताडून बघतो. दोन टीबीच्या पलीकडे लिहिताना क्रमांक शून्यावर येत असेल तर तो तिथेच पकडला जातो. चार टीबी लिहायला सात-आठ तास आणि वाचायला साधारण तेवढेच लागतात, तेव्हा रात्री लावून झोपा. जुन्या यूएसबी २.० पोर्टवरून करायला गेलात तर नुसतं लिहिण्यातच दीड दिवस जाईल. साटा केबल लावा.